पाचपैकी पाच

शहाता काका मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर दिसले आणि त्यांच्या उजव्या पायात मी बनवलेला पट्टा नव्हता. मी समोरच्या दुकानात वेल्क्रो मोजून घेत होते, दुकानदार कात्री उघडून उभा होता, आणि मधल्या रस्त्यावरून काका आपल्या जुन्याच चालीने चालले होते. गुडघा नको तितका वर, मग पाऊल फट् करून खाली. हातातल्या पिशवीतून दोन बोय माशांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. पायाला काय होतं, तर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी. एक टोक बुटाच्या नाडीत अडकवलेलं, दुसरं गुडघ्याखाली बांधलेलं. तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा अशीच पट्टी बांधून आले होते, आणि मी ती मोठ्या रुबाबात सोडवून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. म्हणजे त्यांनी नवी कापली. कालच दुपारी चार वाजता त्यांनी माझ्यासमोर बसून, पेन घट्ट धरून, प्रत्येक रकान्यात पाच लिहिलं होतं. चालताना मदत होते का, पाच. आराम वाटतो का, पाच. रोज वापरता का, पाच. पाचपैकी पाच. दुकानदाराने विचारलं, बाई, कापू का. मी म्हटलं, थांबा. किती कापायचं होतं तेच मी विसरले.

या शहरात कुणाला काही विचारण्यात अर्थच नाही. कसे आहात विचारा, उत्तम. तापाने फणफणलेला माणूस असो की कालच नोकरी गेलेला, उत्तम, अल्लाची कृपा. माझ्या सख्ख्या आत्याने ऑपरेशननंतर नाकात नळ्या असताना मला बोटांनी खूण करून सांगितलं होतं की उत्तम आहे, आणि दोन तासांनी तिला परत आत न्यावं लागलं. अलेक्झांड्रियात जन्मलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही असं नाही. भाकरीबद्दल, ट्रामबद्दल, सरकारबद्दल, समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्याबद्दल तो दिवसभर कुरकुर करू शकतो. पण समोर बसलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूला नाव ठेवायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही खारट सूप वाढा, तो दुसऱ्यांदा मागून घेईल. आणि अशा अकरा माणसांना मी तीन वर्षं दर महिन्याला कागद देऊन विचारत आलेय की माझं यंत्र कसं आहे. डोक्यावर हात मारून घ्यावा की काय करावं कळेना. वेल्क्रो न घेताच मी दुकानातून बाहेर पडले आणि दुकानदार मागून काहीतरी बोलला.

पाऊल लोंबणं म्हणजे काय ते ज्याचं लोंबतं त्यालाच कळतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने एक नस खाली जाते. ती तुटली, चेंगरली, की बोटं वर उचलली जात नाहीत. आपण प्रत्येक पावलाला बोटं उचलतो हे आपल्याला ठाऊकही नसतं. मग उंबरा, गालिच्याची कड, फरशीतली फट, सगळं वैरी होऊन बसतं. माझा पट्टा म्हणजे पोटरीमागे साबणाच्या वडीएवढी मोटर, एक बारीक तार, आणि तळव्याखाली बुटात सरकवायची पातळ फळी. टाच जमिनीवरून सुटली की फळीला कळतं, मोटर तार ओढते आणि पुढचा पाय वर येतो. टाच टेकली की तार हळूहळू सैल होते, म्हणजे पाऊल आपटत नाही. आणि एक खुबी मी स्वतः घातलीय, जिचा मला उघड अभिमान आहे: टाच दोन सेकंदांहून जास्त वेळ वरच राहिली, तर पाय कुठेतरी अडकलाय असं यंत्र धरून चालतं आणि दुप्पट जोराने खेचून सोडवतं. त्या दुप्पट जोरावर मी दोन परिषदांमध्ये बोललेय. परदेशी पाहुणे उठून हात मिळवायला आले होते.

उद्या अकरा वाजता समिती येणार होती. एका धर्मादाय संस्थेची पाच माणसं. त्यांनी मान डोलावली की तीनशे पट्टे बनणार, तीनशे घरांत जाणार. नाही डोलावली तर आमची खोली रिकामी करून तिथे दुसरं कुणी बसणार, हेही ठरलेलं होतं. आमचे प्रमुख डॉक्टर फिक्री सकाळपासून तीनदा फोन करून चुकले होते. अकराही जण समाधानी, नशवा, आणखी काय हवं, असं तिसऱ्या वेळी म्हणाले आणि कागद संध्याकाळपर्यंत पाठव म्हणाले. मी चालत राहिले. होड्या बांधायच्या आवारापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की मी काकांच्या घराच्या दिशेने निघालेय, आणि तिथे जायची माझी अजिबात इच्छा नाही. तिथे गेलं की खरं कळणार होतं. कडेला उलट्या ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत मी उभी राहिले. ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास येत होता, कुणीतरी आत ठोकत होतं, आणि मला उगाचच बाबांची आठवण यायला लागली.

उगाचच कशाला म्हणू. बाबांचं पाऊल सुईने गेलं. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विदाद मावशी राहायच्या; विधवा, कनवाळू, सगळ्या इमारतीला इंजेक्शनं त्याच टोचायच्या, एक पैसा न घेता. कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात सहा महिने काम केलं होतं, तेवढ्या शिदोरीवर. बाबांची कंबर धरली होती. मावशींनी सुई नको तिथे घातली आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा ओरडले; मी तेव्हा अकरा वर्षांची, दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी पाऊल लोंबत होतं. आणि या माणसाने, शाळेत मुलांना भूगोल शिकवणाऱ्या, नकाशातली बोटभर चूक न खपवणाऱ्या माणसाने, मावशींना काय सांगावं? ट्रामच्या पायरीवरून घसरलो. आई चिडली, म्हणाली तिला सांगायला हवं. बाबा म्हणाले, ती बाई ऐकून जीव देईल. मग मावशी दर गुरुवारी दुधातला भात घेऊन येत, बाबांच्या पायाशी बसून ट्रामच्या ड्रायव्हरला शिव्या देत, आणि बाबा मान डोलावत. जिन्यावरून चढताना त्यांचं पाऊल आपटायचं, फट्, फट्, चार मजले. मी गृहपाठ करताना ती फटफट मोजायची. दोन वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीला ताप आला. रबाब तिचं नाव, माझ्याच वर्गात. तिलाही मावशींनीच टोचलं.

त्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. जेवले नाहीत. पण उठून दोन मजले खाली उतरून एक वाक्य बोलले नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही. पंचवीस वर्षांची झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही वेळेवर बोलला असता तर रबाब आज सरळ चालली असती ना? ते म्हणाले, आता बोलून काय होणार आहे, मावशी म्हातारी झालीय. मी बाबांवर अजूनही रागावलेली आहे, हे सरळ सांगून टाकते. ते गेले त्या वर्षी मी पहिली मोटर तारेला जोडली. म्हणजे ज्या पायासाठी हे सगळं चाललं होतं तो पाय तेव्हा कबरीत होता. आणि त्यांच्यानंतर मी जिथे जाते तिथे मला बाबाच भेटतात. अकराच्या अकरा बाबा. पेन धरतात आणि पाच लिहितात. होडीत ठोकणाऱ्याने ठोकणं थांबवलं, डोकं बाहेर काढलं आणि कुणाला शोधताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही, आणि काकांच्या गल्लीत शिरले.

दार उम्म जाबिरने उघडलं, म्हणजे काकांच्या बायकोने. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं तसं थबकलं, आणि ती वळून आत नको तितक्या मोठ्याने म्हणाली, अहो, इंजिनीयरबाई आल्यात. आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वेल्क्रो फाडल्याचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो आवाज मी हजार माणसांच्या गर्दीत ओळखेन. उम्म जाबिर माझ्याशी हवेबद्दल बोलत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिले, आणि आत एक साठीचा माणूस घाईघाईने माझ्या समाधानासाठी पायाला यंत्र बांधत होता. पाच मिनिटांनी काका बाहेर आले. पट्टा, मोटर, आणि पायात बूट. बाहेरच्या खोलीत लाल गालिचा अंथरलेला, मी माझे बूट दाराशी काढून मोज्यांवर उभी, आणि ते बूट घालून गालिच्यावरून चालत आले. उम्म जाबिरचे डोळे त्या बुटांवर पडले आणि लगेच दुसरीकडे गेले. तीन वर्षं मी या खोलीत येतेय. दर वेळी मी दाराशी बूट काढते आणि दर वेळी त्यांना म्हणते, काका, बूट घालून जरा चालून दाखवा. जन्मात कधी मी स्वतः गालिच्यावर बूट टेकवलेला नाही. या बाईने माझ्यामागे दर महिन्याला तो गालिचा धुतला असणार.

मी त्यांना चालायला लावलं नाही. म्हटलं, काका, मी तुम्हाला तासाभरापूर्वी मासळीबाजारात पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काका होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी सुताने आणि डांबराने बुजवायचं काम करायचे; पाच वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, गुडघ्याखालचं हाड मोडलं, नस गेली. त्यांची बोटं अजून काळी आहेत. ती बोटं टोपीची कड चाचपत राहिली. शेवटी म्हणाले, आज जरा घाईत होतो. मी विचारलं, आणि काल? काल पण जरा. मी विचारलं, पट्टा असतो कुठे? उम्म जाबिरला राहवलं नाही, म्हणाली, कपाटावर असतो, खोक्यात, वर मी चांगला विणलेला रुमाल घातलाय, धुळीचा कण नाही हो बाई त्याच्यावर. तिने हे अगदी मनापासून, मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला रडू येईल की हसू ते मला ठरवता येईना.

"मग पाच का लिहिलंत?"

"तुझं लेकरू आहे ते," काका म्हणाले. इंजिनीयरबाई सुटलं आणि ते एकदम एकेरीवर आले. "तू घेऊन येतेस, मांडीवर ठेवतेस, पुसतेस, आणि विचारतेस कसं आहे. कुणाच्या लेकराला तोंडावर कुरूप म्हणतात का?"

मी त्यांना उद्याचं सांगितलं. समिती, तीनशे पट्टे, तीनशे कपाटं, तीनशे विणलेले रुमाल. खरं सांगितलं तर खोली जाईल, माझ्यासोबतच्या दोघांचं काम जाईल, पट्टा कदाचित कायमचा राहून जाईल, हेही लपवलं नाही. म्हटलं, तुम्ही खोटं बोललात तर तीनशे माणसं पडतील, आणि तीही उत्तम म्हणतील. काका म्हणाले, पडलो ना मी. मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, मशिदीत.

ते जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगू शकणार नाही, कारण मध्ये मध्ये थांबत होते आणि उम्म जाबिर त्यांची वाक्यं पुरी करत होती. परांचीवरून पडून नस गेल्यापासून ते नमाज खुर्चीवर बसून पढायचे, मागे भिंतीशी, जिथे म्हातारे बसतात. चाळीस वर्षं ते दुसऱ्या रांगेत, खांबाजवळ, होड्यांच्या आवारातल्या आपल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. खुर्चीवरून उतरून त्या रांगेत जायचं, एवढ्यासाठी त्यांनी माझा पट्टा घेतला होता. चालायला त्यांना ट्यूब पुरत होती. पट्टा मिळाल्यावर पहिल्याच शुक्रवारी, तळव्याची फळी घसरू नये म्हणून वर मोजा चढवून, ते दुसऱ्या रांगेत गेले. माणसांनी सरकून जागा दिली. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. उभे राहिले, वाकले, सगळं ठीक. मग कपाळ टेकवलं. बोटं खाली मुडपलेली, टाचा वर. आणि टाच वरच राहिली म्हणून माझ्या यंत्राने दुप्पट जोर लावला. मुडपलेली बोटं उलटी पिरगळली गेली, गुडघा सरकला, आणि काका पुढच्या रांगेतल्या माणसावर जाऊन आदळले, भर सिजद्यात. मागे कुठेतरी पोरं हसली. मोटर मात्र थांबेना, घूं घूं करत ओढतच राहिली. ती बंद करायचं बटण पोटरीमागे, आणि नमाज अर्धवट.

सतरा परीक्षा घेतल्या होत्या मी त्या यंत्राच्या. सपाट जमीन, चढ, उतार, जिना, खुर्चीवरून उठणं, वाळू. यादी एका परदेशी नियतकालिकातून जशीच्या तशी उतरवली होती. लहानपणी आजीशेजारी मी दिवसातून पाच वेळा त्याच अवस्थेत बसलेय, आता रमजानात तरी बसते. टाच वर आणि बोटं मुडपलेली, हे माझ्या बोटांना झोपेतही माहीत आहे. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. त्या दिवसापासून काका परत खुर्चीवर गेले, आणि आमच्या मासिक भेटीत मला म्हणाले, उत्तम, अल्लाची कृपा. मी वही काढली. म्हटलं, आणखी.

एकदा बांध फुटल्यावर मग काय. मोटर बसमध्ये घूं घूं करते, लोक मोबाइल तपासतात. पोटरीचे केस वेल्क्रोत अडकतात. उन्हात मागची पेटी तापते. रंग मेलेल्या माणसाच्या कातडीचा आहे. उम्म जाबिर म्हणाली, पहिल्या दिवशी कपाटावर बघून मी बिस्मिल्ला म्हटलं होतं. चार्ज करायची तार आखूड, म्हणून पाय भिंतीशी बांधल्यासारखं बसावं लागतं. घरात कोण बूट घालतं, आणि बूट नसला की फळी गालिच्यावर सरकते, म्हणजे जिथे माणूस जास्त पडतो तिथे यंत्र निकामी. मी भराभर लिहीत होते. तीन वर्षं हेच मागत होते मी, आणि तिसऱ्या पानावर माझे कान तापायला लागले. चौथ्या पानावर मला वाटलं, बास झालं आता, किती बोलतात ही माणसं. सहाव्या पानावर काका म्हणाले की वरचा वेल्क्रोचा पट्टा चालता चालता खाली घसरतो, दर पन्नास पावलांनी ओढावा लागतो. आणि मी मान वर न करता म्हणाले, तो यंत्राचा दोष नाही काका, तुम्ही सैल बांधता, मी कितीदा दाखवलंय.

मी मान वर केली. काकांच्या चेहऱ्यावर ते सौजन्य परत येऊन बसलं होतं, दार लावून घेतल्यासारखं. ते म्हणाले, "हो, माझंच चुकत असेल. यंत्र उत्तमच आहे तुझं." उम्म जाबिर उठली आणि चहा टाकते म्हणाली. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हा चेहरा मी अकरा घरांत पाहिला होता आणि त्याला या शहराची खोड म्हणत आले होते. एका बाईने दुसऱ्या महिन्यात सांगितलं होतं की रात्री पाय सुजतो. मी तिला सूज कशामुळे येते ते समजावून सांगितलं होतं, आकृती काढून. एकजण म्हणाला होता, जड वाटतं. मी त्याला वजनाचे आकडे वाचून दाखवले होते. पुढच्या महिन्यापासून दोघांनी पाच लिहिलं. बाबांना दोष देत इतकी वर्षं काढली. विदाद मावशी कसं तोंड करून बसत असतील, कुणी काही म्हणायला गेलं की, हे मी कधी आठवून बघितलं नव्हतं. आता आठवलं. त्या समजावून सांगायच्या.

माफी मागायची मला सवय नाही. मी विचारलं, काका, तुमच्या आवारात होडी गळते की नाही ते कसं कळायचं? कुणी सांगायचं का? ते हसले. म्हणाले, सांगतंय कोण, ज्याने फटी बुजवल्या तोच पहिल्या फेरीला आत बसायचा. बादली न घेता. "ढुंगण ओलं झालं की कळतं, पोरी. तिथे कागद लागत नाही." मग जीभ चावून उम्म जाबिरकडे बघितलं, पण ती स्वयंपाकघरातून मोठ्याने हसत होती.

मी म्हटलं, सोडा तो. त्यांना आधी कळलं नाही. मी खाली बसले, त्यांच्या पोटरीवरचे तिन्ही पट्टे सोडवले, फळी काढली, माझी विजार दुमडली आणि यंत्र माझ्या उजव्या पायाला बांधलं. तीन वर्षांत हे यंत्र माझ्या पायाला कधी लागलं नव्हतं. धडधाकट पायावरच्या नोंदी कामाच्या नसतात असं मीच नव्या मुलींना शिकवते. काकांची पोटरी वाळलेली, माझी जाड, तरी बसलं. वर मोजा चढवला. बटण दाबलं. चहाचे पेले तसेच हातात धरून उम्म जाबिर दारात उभी राहिली. काका म्हणाले, असं नको, नीट उभी राहा, दोन पावलं चाल, मग वाक, मग गुडघे टेक. घाई करू नकोस. नमाजात घाई नसते. मी त्यांचं ऐकत गेले. दोन पावलांत फळी सरकली. गुडघे टेकले. कपाळ खाली नेलं, गालिच्याला साबणाचा वास येत होता. बोटं मुडपली, टाच वर गेली. वरून काका मोजत होते, एक, दोन.

त्यानंतर अंगठ्यातून जी कळ आली ती थेट कमरेपर्यंत गेली. गुडघा सटकला, मी एका कुशीवर आडवी पडले आणि चांगलीच ओरडले. यंत्र ओढतच होतं, मोठ्या निष्ठेने, मी ठरवून दिल्याप्रमाणे. हात मागे नेऊन बटण सापडेपर्यंत आणखी तीन हिसके बसले. उम्म जाबिर पेले ठेवून धावली, अल्लाचं नाव घेत माझं डोकं मांडीवर घेतलं. आणि माझ्या तोंडातून, माझ्याच तोंडातून, आपोआप शब्द निघाले: काही नाही, काही नाही, ठीक आहे मी.

काका खुर्चीवरून उठले नाहीत.

"दुखलं का?"

"नाही, जरासं."

"नशवा. दुखलं का?"

त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी अंगठा हातात धरून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखलं. वाईट आहे हे."

टेबलावरची माझी बॅग पुढे ओढून काकांनी आतली फाइल काढली, कालचा आपला कागद शोधला, आणि पेनासकट माझ्यापुढे गालिच्यावर ठेवला. उद्या अकरा वाजता समितीपुढे जायचा होता तोच कागद. खोली जाणार, माणसं जाणार, डॉक्टर फिक्री फोनवर आधी बोलणार नाहीत आणि मग फार बोलणार, हे सगळं मला त्या कागदाच्या कडेवर लिहिल्यासारखं दिसत होतं. मी पहिल्या रकान्यातलं पाच खोडलं. शेजारी शून्य काढायला लागले.

"शून्य नको," काका वाकून बघत म्हणाले. "पाऊल उचलतं ते, खोटं कशाला बोला. दोन लिही."